चिठ्ठीवर न लिहिलेले

मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव असते, त्याची मात्रा असते, दिवसातून कितीदा घ्यायचे ते १-०-१ असे आकडे असतात आणि किती दिवसांच्या गोळ्या द्यायच्या ते असते. औषध कशासाठी दिले आहे, त्याचा गुण कधी दिसू लागेल, तोपर्यंत काय त्रास होऊ शकतो आणि ते कधी व कोणत्या रीतीने बंद करायचे, हे सहसा चिठ्ठीवर नसते. ते बोलण्यात येते किंवा येत नाही. आले तरी बाहेर बसलेल्या गर्दीच्या धाकाने घाईत येते, आणि ऐकणारा ज्या मनःस्थितीत असतो तिच्यात त्यातले थोडेच लक्षात राहते. बेळगावच्या शहापूर भागात वडिलांनी सुरू केलेले औषधांचे दुकान मी गेली बरीच वर्षे चालवते, आणि या न लिहिलेल्या गोष्टी रोज काउंटरवर माझ्यासमोर येतात. ‘आणि किती दिवस घ्यायचं ओ हे?’ हा त्यातला नेहमीचा प्रश्न. तो डॉक्टरांना न विचारता मला विचारला जातो, कारण माझी फी नाही, माझ्याशी मराठीत बोलता येते आणि मी शेजारची आहे.

औषध सुरू करण्याचा निर्णय कोणीतरी विचारपूर्वक घेतलेला असतो. ते बंद करण्याचा निर्णय बहुतेक घरांत कोणीच घेत नाही; ते एक तर एखाद्या दिवशी अचानक बंद पडते, नाहीतर वर्षानुवर्षे चालू राहते. एका गृहस्थांनी आपली चिठ्ठी रेशनकार्डासारखी लॅमिनेट करून पाकिटात ठेवली होती, आणि दर महिन्याला ती काचेवर ठेवून ते तेवढ्याच गोळ्या मागत. ज्यांनी ती लिहिली ते डॉक्टर बेळगाव सोडून केव्हाच गेले होते. गृहस्थांची तब्येत उत्तम होती, हेही सांगितले पाहिजे. पण ती गोळ्यांमुळे उत्तम होती की गोळ्यांची गरज संपली म्हणून, हे पाहायला कोणीही उरले नव्हते.

माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्या एका गावच्या नसतात. खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी, अथणी या तालुक्यांतली माणसे उपचारासाठी बेळगावला येतात, आणि महाराष्ट्रात असूनही चंदगडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळ पडते. शिवाय काही जण मुद्दाम लांब जातात. दवाखान्याच्या बाकावर ओळखीच्या माणसाने पाहू नये म्हणून बेळगावचे लोक मिरज किंवा कोल्हापूर गाठतात आणि तिकडचे काही त्याच कारणासाठी इकडे येतात. आजार बळावला की धारवाड. तिथल्या मनोरुग्णालयाची स्थापना १८४५ सालची. आता ती मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची मोठी संस्था झाली आहे आणि लोक तिला ‘डिमहान्स’ म्हणतात. धारवाडला नेले म्हणजे माणूस संपला, असे आमच्या आजीच्या पिढीत समजले जाई. आता तिथून काही आठवड्यांत परत येऊन पुन्हा कामावर रुजू झालेली माणसे माझ्याच दुकानातून गोळ्या नेतात.

या क्षेत्रातले कर्नाटकाचे काम जुने आहे, हे सीमाप्रश्नाच्या तापलेल्या वातावरणात आम्ही मराठी माणसे सहसा मोकळेपणाने म्हणत नाही. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९८५ ते १९९० या काळात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सामान्य डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखण्याचे व मोजकी औषधे देण्याचे प्रशिक्षण दिले, आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशपातळीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. ही सोय मोलाची आहे. फक्त खानापूरच्या जंगलपट्टीतल्या बाईचा पावसाळ्यात तो मंगळवार चुकला, तर पुढच्या मंगळवारपर्यंतच्या खंडाचे काय करायचे, ते तिला कोणी सांगितलेले नसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारख्या सामान्य मानसिक आजारांच्या दर १०० रुग्णांपैकी ८५ जण उपचारांपासून दूर असल्याचे दिसले होते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि ज्या दोन राज्यांच्या भांडणात आमचा जिल्हा सापडला आहे त्यांपैकी एकाचाही त्यात समावेश नव्हता, तरी तो आकडा मला परका वाटत नाही. मात्र माझ्यासमोर उभा राहतो तो उरलेल्या १५ जणांपैकी असतो. त्याला डॉक्टर भेटलेले असतात, त्याच्या हातात चिठ्ठी असते, आणि खरा गोंधळ तिथून पुढे सुरू होतो.

नैराश्य आणि चिंतेसाठी सध्या सर्वाधिक लिहिली जाणारी औषधे म्हणजे एस्सिटालोप्राम, सरट्रालिन आणि फ्लुओक्सेटिन. सेरोटोनिन या द्रव्याचे मेंदूतील पेशींकडून होणारे पुनर्शोषण ती रोखतात. हा परिणाम काही तासांतच सुरू होतो, पण मन हलके वाटू लागायला दोन ते चार आठवडे जातात आणि पुरता गुण यायला सहा किंवा त्याहून अधिक. मंत्रचळाच्या आजारात, म्हणजे हात धुणे, कड्या तपासणे अशा विचार-कृतींच्या चक्रात, मात्रा बरीच जास्त लागते आणि दहा-बारा आठवडे धीर धरावा लागतो. ‘मेंदूतले एक रसायन कमी झाले आहे, गोळी ते भरून काढते’ हे पूर्वी सरसकट सांगितले जाणारे सोपे चित्र आता तज्ज्ञही जसेच्या तसे मानत नाहीत. रुग्णाला मात्र रसायनशास्त्रापेक्षा एक क्रम आधी कळायला हवा, तो असा की या औषधांत त्रास आधी येतो आणि गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, झोपेचे वेळापत्रक ढासळणे आणि क्वचित आधीपेक्षा वाढलेली अस्वस्थता हे पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत होते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते आपोआप ओसरते. ज्याला हे सांगितलेले नसते तो चौथ्या-पाचव्या दिवशी गोळी बंद करतो आणि कोणी विचारले तर ‘उष्ण पडली’ म्हणतो.

उष्ण पडण्याच्या या समजुतीशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. ताक प्या, सब्जा घ्या, गोळी जेवणानंतर घ्या, पण थांबवू नका आणि आठवडाभराने डॉक्टरांना फोन करा, एवढे सांगितले की माणूस निदान महिनाभर टिकतो. समजुतीची थट्टा केली तर तो माझ्याकडेच यायचा थांबेल. एक सूचना मात्र मी न चुकता देते, आणि तीही सोबत आलेल्या माणसाला बाजूला घेऊन. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये ही औषधे सुरू करताना किंवा मात्रा बदलताना पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने याविषयीचा ठळक इशारा २००४ मध्ये मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. औषध देऊ नये, असा त्याचा अर्थ नाही. उपचारच न करण्याचा धोका बहुधा अधिक असतो. त्या आठवड्यांत मुलाला एकटे सोडू नये, त्याची बेचैनी एकाएकी वाढली, तो अजिबात झोपेनासा झाला किंवा निरवानिरवीचे बोलू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, एवढा त्याचा व्यवहारातला अर्थ आहे. पहिले औषध लागू पडलेच पाहिजे असेही नसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात पहिल्याच औषधाने लक्षणे पूर्ण निवळलेल्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. औषध बदलले की ‘डॉक्टरांना काही कळत नाही’ असे म्हणून डॉक्टरच बदलणाऱ्यांनी हे प्रमाण ऐकून ठेवावे, असे मला वाटते.

आता त्या गोळीविषयी, जिने माझ्या दुकानात सर्वाधिक गुंता केला आहे. पहिल्या आठवड्यांतला त्रास निभावून जावा म्हणून डॉक्टर बरेचदा सोबत क्लोनाझेपाम देतात. ते तासाभरात काम करते, छातीतली धडधड शमते, झोप लागते, आणि म्हणून रुग्णाच्या मते तीच ‘खरी’ गोळी ठरते. ती दोन ते चार आठवड्यांत उतरवायची असते. पण आपल्या देशात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळते, डॉक्टरांना लिहायला आणि रुग्णाला घ्यायला ती सोयीची पडते, आणि त्या सोयीपायी चार आठवड्यांचे औषध चार-पाच वर्षे चालू राहते. एस्सिटालोप्राम महिनोन्‌महिने घ्यायचे आणि क्लोनाझेपाम लवकर थांबवायचे, हा हिशेब एकाच गोळीत बसत नाही. एक कमी करायला गेले की दुसरेही कमी होते, आणि स्ट्रिप संपल्यावर दोन्ही एकदम बंद होतात. क्लोनाझेपामसारखे औषध दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केले तर झोप उडते, हात थरथरतात, चिंता दामदुपटीने परत येते आणि काहींना आकडीसुद्धा येते. वयस्कर माणसांत ते चालू ठेवण्याचाही धोका वेगळा आहे. तोल जातो, विसराळूपणा वाढतो आणि रात्री मोरीकडे जाताना पडून मांडीचे हाड मोडते. अस्थिरोगाच्या वॉर्डातून आलेल्या चिठ्ठीच्या मागे कधी कधी जुनी झोपेची गोळी उभी असते, आणि ती कोणी विचारलेली नसते. माझे मत असे की ही जोडगोळी घरच्यांनी ओळखायला शिकावे आणि पहिल्याच फेरतपासणीत ‘यातली झोपेची गोळी वेगळी करून कधी थांबवायची?’ असे विचारावे. विचारले की बहुतेक डॉक्टर वेगळी लिहून देतात.

चिठ्ठीशिवाय ही औषधे देता येत नाहीत. २०१४ पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे औषधविक्रीच्या नियमांतल्या ‘एच-१’ परिशिष्टात गेली. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकट असते, आणि रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव व दिलेली संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. या वहीमुळे शेजारधर्म अडचणीत येतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नसावे. ‘आक्का, दोनच गोळ्या दे गं, उद्या चिठ्ठी आणून देते’ असे म्हणणाऱ्या मावशींच्या मांडीवर मी लहानाची मोठी झालेली असते. मी देत नाही, आणि त्या पुढच्या गल्लीत जातात.

याच्या उलट टोकाला आहेत ती बरे वाटले म्हणून थांबवणारी माणसे. तीन महिन्यांत चेहरा खुलतो, घरात हसणेबोलणे सुरू होते, मुलगा पुण्याहून गणपतीला येतो आणि म्हणतो, ‘आई, आता कशाला या गोळ्या?’ प्रश्न प्रेमाचा असतो आणि चुकीच्या वेळी आलेला असतो. पहिल्यांदा आलेल्या नैराश्यात लक्षणे निवळल्यानंतरही सहा ते नऊ महिने त्याच मात्रेत औषध चालू ठेवावे लागते, कारण आजार उलटण्याची शक्यता त्या काळात अधिक असते. वारंवार आलेल्या आजारात हा काळ दोन वर्षे किंवा त्याहून अधिक होतो. त्यानंतरही गोळी आठवड्या-महिन्यांच्या टप्प्यांनी उतरवायची असते. एकाएकी थांबवली तर गरगरणे, मळमळ, विचित्र स्वप्ने, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास दोन-चार दिवसांत सुरू होतो. याच जातीच्या पॅरॉक्सेटिनमध्ये तो जास्त असतो. फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडत असल्यामुळे त्यात कमी असतो. हा त्रास झाला की घरात दोन निष्कर्ष निघतात, एक तर ‘सवय लागली बघा’ किंवा ‘आजार परत आला’, आणि बरेचदा दोन्ही चुकीचे असतात. नशेच्या पदार्थासारखी ओढ या औषधांची लागत नाही, मात्रा चढवत नेण्याची इच्छा होत नाही. शरीर औषधाला सरावलेले असते आणि ते सावकाश सोडवावे लागते. थांबवल्यावर लगेच आलेला आणि गोळी पुन्हा घेताच दिवसभरात शमलेला त्रास बहुधा औषध सुटल्याचा असतो. आजार परततो तो हळूहळू, आठवड्यांनी, जुन्याच चेहऱ्याने. हा फरक तारखांवरून कळतो, आणि तारखा कोणी लिहून ठेवलेल्या नसतात.

तारखा लिहिण्याची सवय मला दुकानाने नव्हे, धाकट्या भावाने लावली. त्याला द्विध्रुवी आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी खोल नैराश्यात जाते. तो लिथियम घेतो, आणि हे लिहायला त्याची हरकत नाही; उलट ‘लिही, पण रडगाणं करू नको’ असे त्याने बजावले आहे. लिथियम हे साधे क्षार आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञाने १९४९ मध्ये उन्मादावरचा त्याचा गुण प्रसिद्ध केला, आणि आजही या आजारातले ते सर्वांत भरवशाचे औषध मानले जाते. मात्र गुण आणि विषबाधा यांच्यातले अंतर फार थोडे आहे. रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवायचे असते आणि ते १.५ च्या पुढे गेले की धोका सुरू होतो. त्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर; ही एक गोष्ट न कळल्यामुळे किती अहवाल फुकट जातात, याची मोजदाद नाही. याशिवाय मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी.

भाऊ उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत भट्टीजवळ काम करतो. डॉक्टरांनी त्याला नोकरी विचारली होती आणि त्याने ‘कंपनीत आहे’ असे सांगितले होते. कंपनीत म्हणजे मे महिन्यात तापलेल्या लोखंडासमोर आठ तास, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला कसे कळावे? घामावाटे पाणी आणि मीठ गेले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते, त्यामुळे तीच मात्रा रक्तात वाढते. हे कळल्यावर त्याची मात्रा बदलली नाही; उन्हाळ्यात रक्ततपासणी लवकर लवकर करायची, पाण्याची बाटली सोबत ठेवायची आणि आहारातले मीठ एकाएकी कमी करायचे नाही, एवढे ठरले. निर्जळी एकादशी त्याने सोडली. आईला ते जड गेले, पण आषाढी वारीला जाताना हगवण लागली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा, हे तिनेच त्याच्या पिशवीतल्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिले. हात ठळक थरथरणे, उलट्या-जुलाब, पाय लटपटणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसली तर रुग्णालय गाठायचे, तिथे आधी रक्त तपासायचे.

लिथियमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती कंबरदुखीची. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तातले लिथियम वाढवतात. रक्तदाबासाठी सर्रास दिले जाणारे टेल्मिसार्टन आणि त्याला जोडून येणारी लघवी वाढवणारी थायाझाइड जातीची औषधेही वाढवतात. मनाचे डॉक्टर धारवाडचे, रक्तदाबाचे बेळगावचे आणि कंबरदुखीची गोळी गावच्या किराणा दुकानातली, अशी तीन ठिकाणची औषधे ज्या एका पोटात एकत्र येतात त्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणालाही हा सगळा हिशेब माहीत नसतो. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. नैराश्याच्या औषधांचेही असेच आहे. ती आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांसोबत घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, ट्रमाडॉल या कडक वेदनाशामकासोबत सेरोटोनिन घातक पातळीला जाऊ शकते, आणि म्हाताऱ्या माणसांत रक्तातले सोडियम उतरून एकाएकी बरळणे सुरू होऊ शकते, जे घरच्यांना वेड लागल्यासारखे वाटते. म्हणून कोणीही नुसती कंबरदुखीची गोळी मागितली तरी ‘आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत?’ हे मी विचारते. अर्धे लोक ‘काही नाही’ म्हणतात आणि पैसे देताना हळूच दुसरी चिठ्ठी काढतात.

विड्यांच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या निपाणीकडच्या एका गोष्टीचा उल्लेख ओघात करायला हवा. विडीच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधे लवकर निकालात काढते, म्हणून विडी ओढणाऱ्याला मात्रा जास्त लागते. तो रुग्णालयात दाखल झाला आणि विडी सुटली की तीच मात्रा अंगावर येते. कारण धुरातले घटक आहेत, निकोटिन नव्हे, त्यामुळे तंबाखू चघळणाऱ्याला किंवा विड्या वळणाऱ्या बाईला हे लागू नाही.

सर्वांत जास्त लपवाछपवी होते ती मुलींच्या गोळ्यांची. लग्न ठरले की साखरपुड्याच्या आधी औषध बंद, हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे की लग्नसराईत मला नेहमीच्या चिठ्ठ्यांची वाट पाहायची सवय लागली आहे. काही मुली बंद करत नाहीत, पण मग स्ट्रिपमधल्या गोळ्या काढून कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरून सासरी नेतात. डबीत नाव नाही, मात्रा नाही, मुदत नाही. सासूबाईंनी गुडघे दुखतात म्हणून त्यातली एक घेतली तर काय, याचा विचार कोणी केलेला नसतो. माझे वडील अशा गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून देत. त्यामागे त्यांचा सद्भाव होता, पण त्या गुंडाळीवरूनच रांगेतल्या माणसांना आत काय आहे ते कळत असे, म्हणून मी ती पद्धत बंद केली आणि सगळ्यांनाच एकसारखी तपकिरी पिशवी देऊ लागले.

लपवण्यातला सर्वांत गंभीर धोका व्हॅल्प्रोएटचा आहे. आकडीसाठी आणि द्विध्रुवी आजारासाठी ते दिले जाते. गर्भावस्थेत ते चालू राहिले तर १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग असते आणि ३० ते ४० जणांच्या वाढीत व शिकण्यात अडचणी येतात. फॉलिक ॲसिड घेतल्याने हा धोका जात नाही. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला शक्यतो ते देऊच नये, दिले असेल तर गर्भधारणेच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावे. पण ज्या घरात नवऱ्यालाच गोळीचा पत्ता नाही तिथे हे बोलणे कोण आणि कधी करणार? आणि दिवस गेल्याचे कळताच घाबरून सगळी औषधे एका दिवसात फेकून देणे हाही उपाय नव्हे. सरट्रालिनसारखी काही औषधे गर्भावस्थेत आणि अंगावर पाजतानाही बऱ्याचदा चालू ठेवली जातात, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्य आई आणि बाळ दोघांनाही जाचते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने साखरपुड्याआधी मुलाला एकट्याला भेटून आपली स्ट्रिप दाखवली. तो खानापूरचा, शाळेत शिपाई. त्याने विचारले, ‘हे रोज घ्यायचं की अधूनमधून?’ दुसरा काही प्रश्न त्याने विचारला नाही. आता दर महिन्याला गोळ्या न्यायला तोच येतो.

गोळ्या घरात कोणाजवळ असाव्यात, यावर एकच नियम नाही. ज्याला आजाराची समज आहे आणि जो सावरलेला आहे त्याच्या गोळ्या त्याच्याच हातात असाव्यात. पन्नाशीच्या बाईला नवरा रोज हातावर गोळी ठेवतो आणि तोंड उघडून दाखवायला लावतो, हे मला उपचारापेक्षा पहाऱ्यासारखे वाटते. मात्र जीव नकोसा झाल्याचे जो बोलला आहे त्याच्या घरी महिन्याच्या गोळ्या एकदम असू नयेत. ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची जुनी औषधे आणि लिथियम एकदम जास्त घेतल्यास जीवघेणी ठरतात. अशा वेळी आठवड्याआठवड्याने न्या, कुलपात ठेवा, असे मी सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले आहे, त्याला शिक्षा करायची नाही तर त्याची काळजी घ्यायची आहे, हे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्यांना माहीत नसते. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मी पिशवीवर शिक्का मारून देते.

भाषेचा प्रश्न इथे वेगळ्या रूपाने येतो. सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून वर्षानुवर्षे भांडणे झाली. औषधाच्या स्ट्रिपवरची इंग्रजी मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही रुग्णांना सारखीच अनोळखी असते आणि तिच्यावरून कोणी मोर्चा काढत नाही. रक्तदाबाच्या डॉक्टरांपुढे माणूस मोडक्या कन्नडमध्ये निभावून नेतो, कारण तिथे यंत्र बोलते. मानसोपचारात रुग्णाचे सांगणे हीच तपासणी असते, आणि ती परक्या भाषेत झाली की ‘झोप लागत नाही’ एवढेच सांगून माणूस थांबतो. मग झोपेचीच गोळी मिळते. चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या ‘संगाथ’ संस्थेने स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींचे समुपदेशन करून पाहिले, आणि नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिल्याने रुग्णांना अधिक बरे वाटल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. सौम्य नैराश्यात तर गोळीआधी अशा बोलण्याचाच मार्ग धरावा, असे मानले जाते. आपल्याकडे गोळी मिळते आणि बोलणे मिळत नाही, म्हणून सगळा भार गोळीवर येतो.

भावासाठी केलेली वही आता मी इतरांनाही करून देते. दुकानात मिळणारी साधी छोटी वही. एका पानावर सगळ्या डॉक्टरांची सगळी औषधे, रक्तदाबाची आणि आयुर्वेदिक काढ्यासकट, दुसऱ्या पानावर प्रत्येक गोळी सुरू केल्याची आणि मात्रा बदलल्याची तारीख, आणि पुढे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मराठीत. सगळेच ती भरतात असे नाही. काहींच्या वहीत पुढे दुधाचा हिशेब सुरू झालेला मी पाहिला आहे. पण शहरातल्या एका डॉक्टरांनी अशा दोन-तीन वह्या पाहिल्यावर आपल्या चिठ्ठीच्या तळाशी स्वतःच एक ओळ लिहायला सुरुवात केली, ‘अमुक महिन्यात मात्रा कमी करण्याचा विचार’. ती ओळ असलेल्या चिठ्ठ्या घेऊन येणारे लोक मला ‘आणि किती दिवस?’ असे विचारत नाहीत. परवा एका आजीबाईंनी तशी चिठ्ठी काचेवर ठेवली आणि विचारले, ‘कमी करायचं म्हणजे अर्धी गोळी तोडायची काय? ही तोडलेली चालते काय ओ?’ ती गोळी तोडलेली चालणारी होती. मी तोडण्यासाठी मध्ये रेघ असलेली कंपनी शोधून दिली.